ढवळायचं नाही

सकाळी साडेआठला किचनमध्ये शिरलं की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं. आदल्या रात्री ग्लासाने विकलेल्या शॅम्पेनचं बाटल्यांमध्ये जे काही राहिलं असेल ते बारवरून उचलून आणायचं. कुठे चार बोटं, कुठे अर्धी बाटली. बुडबुडे जवळपास मेलेले. सोमेलिये, म्हणजे वाइनचं सगळं बघणारा माणूस, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी अडकवून जायचा: ‘किचन’ नाहीतर ‘व्हिनेगर’. किचनची वाइन पातेल्यात ओतायची आणि व्हिनेगरची कोपऱ्यातल्या मातीच्या बरणीत. त्या बरणीत ‘आई’ राहायची. फ्रेंचमध्ये तिला खरंच आई म्हणतात, व्हिनेगरवर धरते ती जाड, बुळबुळीत साय. विरजणाला आपण असं काही नाव दिलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

मी दिंडोरी तालुक्यातली. घरची द्राक्षबाग, बरीचशी थॉमसन आणि थोडी वाइनवाल्यांसाठी लावलेली शेनिन ब्लाँ. आजी माळकरी, त्यामुळे आमच्या द्राक्षांची वाइन होते हे घरात सगळ्यांना माहीत, पण ती बाटली उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप करायची होती. बाकीचे दुबई-मालदीवला निघाले. मी फ्रान्समधल्या पंचवीस-तीस रेस्टॉरंटना मेल टाकले, त्यातून एक उत्तर आलं. कॉलेज, रेस्टॉरंट आणि मी अशा तिघांच्या सह्यांचा करार, त्याचं फ्रेंच भाषांतर, मुंबईच्या दोन फेऱ्या, बँकेचे कागद. त्या कंटाळ्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगते की तिकडे स्टाज, म्हणजे इंटर्नशिप, दोन महिन्यांहून जास्त असला तर मानधन द्यावंच लागतं, आणि त्या आकड्यामुळेच अण्णांनी परवानगी दिली.

गावाचं नाव रँस, शॅम्पेन जिथे होते त्या शाँपान प्रदेशातलं. नकाशावर मी ते ‘रीम्स’ वाचलं होतं, आणि पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवर तिकीट तपासणाऱ्याला तसंच सांगितलं. त्याने हसू दाबत दुरुस्त केलं. तिथून वेगवान गाडीने पाऊण तास. मार्च महिना होता, खिडकीबाहेर सगळं करडं. द्राक्षबागा म्हणून ज्या दिसल्या त्या पाहून मला फसवल्यासारखं झालं. आमच्या मांडवाखाली माणूस उभा चालतो. हे वेल माझ्या कंबरेलाही लागले नसते.

रेस्टॉरंट बुलँग्रँ नावाच्या भागात. हा शब्द इंग्रजी ‘बोलिंग ग्रीन’चा फ्रेंच तोंडात झालेला चोथा आहे, हे पहिल्याच दिवशी शेफने सांगितलं. शेफ म्हणजे पंचेचाळिशीच्या आतबाहेरची बाई, याच मोहल्ल्यात वाढलेली, आजोबांचा समोरच्या मंडईत भाजीचा गाळा. जागा लहान, बत्तीस खुर्च्या. पाटी साधी. आत जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या चौकटी असतील असं मला वाटलं होतं, एकही नव्हती. पुढे एकदा विचारलं तर म्हणाली, “भिंतीवर फोटो लावले की लोकांना वाटतं इतिहास झाला. मग ताटात काहीही वाढा.”

मी सुऱ्यांचा संच घेऊन तयार होते, पण पहिले तीन दिवस तिने मला सुरी धरूच दिली नाही. सकाळी दोन तास मोहल्ला फिरायचा, परत येऊन काय पाहिलं ते फळ्यावर लिहायचं. माझं फ्रेंच शाळकरी. निम्मी चित्रंच काढायचे.

पहिल्या दिवशी मंडई. आल द्यू बुलँग्रँ. बाहेरून एखादं विमानतळाचं जुनं हँगर वाटावं अशी काँक्रीटची कमान, आत एकही खांब नाही. १९२९ साली उघडलेली. एमिल मेग्रो हा वास्तुविशारद आणि छताचं गणित यूजेन फ्रेसिने या इंजिनिअरचं. एवढ्या रुंद कमानीचं काँक्रीट जेमतेम ७ सेंटिमीटर जाड. मी वर बघत राहिले आणि एका बाईच्या पालेभाजीच्या गाडीवर आदळले. १९८८ मध्ये ही मंडई बंद झाली. काँक्रीटची अवस्था वाईट होती. पाडायच्याही गोष्टी झाल्या. १९९० मध्ये तिला ऐतिहासिक वास्तूचं संरक्षण मिळालं आणि दुरुस्ती होऊन ती उघडली थेट २०१२ मध्ये. मधली चोवीस वर्षं शेफ कशी मोजते ते ऐकण्यासारखं होतं: “बंद झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते, उघडली तेव्हा माझा मुलगा आठचा.” बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. आमचा मेनू या तीन दिवसांवरच चालायचा.

दुसऱ्या दिवशी पोर्त द मार्स, तिसऱ्या शतकातली रोमन वेस, ३२ मीटर लांब. तिच्या कमानीच्या आत बारा महिन्यांची कामं कोरलेली आहेत, बरीचशी झिजलेली. त्यात धान्य कापायचं एक रोमन यंत्र आहे. मला ते दिसायला अर्धा तास लागला, पण दिसलं. तिथून स्टेशनाकडे वळलं की लाल विटांची एक शाळा. ७ मे १९४५ च्या पहाटे, २ वाजून ४१ मिनिटांनी, जर्मनीने शरणागतीवर सही केली ती या शाळेत. मी गेले तेव्हा समोरच्या फुटपाथवर मुलं सँडविच खात होती. तिसऱ्या दिवशी फुजिताचं चॅपल. फुजिता हा जपानी चित्रकार. वयाच्या सत्तरीत रँसच्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९६६ मध्ये हे छोटं देवघर भित्तिचित्रांनी भरून काढलं, एका शॅम्पेन घराण्याच्या आवारात. सगळीकडे शॅम्पेनवाले आहेतच. जसं आमच्याकडे कुठेही जा, शेवटी द्राक्ष बागायतदारांचंच कोणीतरी भेटतं.

पण फळ्यावर ज्याच्यापुढे शेफने खूण केली ती वेगळी गोष्ट होती. र्यू द मार्सवर एका जुन्या शॅम्पेन तळघराच्या दर्शनी भिंतीवर मोझेकची चित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. त्यात शॅम्पेन बनवायच्या पायऱ्या ओळीने लावल्यात. द्राक्षं, बाटल्या, बाटल्या फिरवणारे कामगार, गाळ काढणारे. रस्त्यावरून जाणारा कोणीही वर मान करून वाचू शकेल असं. “हा आमचा मेनू,” शेफ म्हणाली. तिचा सगळा कारभार यावरच उभा होता. पाच पदार्थ, पाच पायऱ्या: दाबणं, दुसऱ्यांदा आंबवणं, फिरवणं, गाळ काढणं, शेवटी गोडी ठरवणं. आणि प्रत्येक पदार्थाचा कच्चा माल मोहल्ल्याच्या जुन्या सवयींतून. ऐकताना जरा जास्तच हुशारीचं वाटतं, कबूल. अशा संकल्पनावाल्या रेस्टॉरंटांचा मला तेव्हाही संशय होता, आजही आहे. पण इथे वेटर टेबलाशी उभा राहून कधी व्याख्यान द्यायचा नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, नाहीतर ताट ठेवून जायचा.

मला मिळाली तिसरी पायरी. फिरवणं. ती समजायला शॅम्पेन थोडी समजून घ्यावी लागते, म्हणून सांगते.

साधी आंबट वाइन आधी बनते. ती बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर, आणि बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण सुरू होतं, वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. दाब चढतो सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे कारच्या टायरच्या जवळपास तिप्पट. पूर्वी बाटल्या फुटायच्या म्हणून कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालायचे. काम झालं की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. तो गाळ वाईट नव्हे. त्याच्यावर वाइन महिनोन्‌महिने पडून राहते (साधी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने, सालाचा उल्लेख असलेली ३ वर्षं) आणि त्यातूनच तिला तो ताज्या पावासारखा वास येतो. प्रश्न एवढाच की प्यायच्या वेळी गाळ नको आणि बुडबुडे हवेत. झाकण उघडून गाळत बसलात तर बुडबुडे गेले.

यावरचा उपाय वव क्लिको यांच्या तळघरात निघाला, १८१६ च्या सुमाराला. वव म्हणजे विधवा. बार्ब-निकोल पोंसार्दँ सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि नवऱ्याचा धंदा तिने हातात घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडून तिने त्यात बाटल्या उलट्या खोचल्या अशी आख्यायिका आहे. रोज प्रत्येक बाटली थोडी फिरवायची आणि थोडी जास्त उभी करायची. दीड-दोन महिन्यांत सगळा गाळ गळ्याशी येतो. मग गळा गोठवून झाकण काढलं की बर्फाची गुठळी दाबाने बाहेर उडते. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रं आठवड्याभरात करतात. टेबलाची गोष्ट खरी असो नसो, मला ती आवडते. स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडायला धीर लागतो.

तर तिसऱ्या पायरीचा पदार्थ होता कॉन्सोमे, आरपार दिसणारं सूप. आणि ते कशाचं, तर पोतेचं. हा शब्द ऐकल्यावर मला बाजार समितीतलं पोतंच आठवलं, पण पोते शाँपनवाज म्हणजे द्राक्षं तोडणाऱ्या मजुरांचं जेवण. खारवलेलं डुकराचं मांस, सॉसेज, कोबी, गाजर, सलगम, बटाटे, पांढरे घेवडे, सगळं एका हंड्यात तासन्‌तास. दाट, जड, धूसर. शेफला त्यातला धूसरपणा काढून चव तेवढी ठेवायची होती. वाडग्यात पाण्यासारखं स्वच्छ, सोनेरी काहीतरी, तळाशी कोबीची एक पाती, आणि तोंडात अख्खं शेत.

पद्धत जुनीच. रस्सा आदल्या दिवशी शिजवून, गाळून, गार करून त्यावरची चरबी काढायची. कोंबडीचा खिमा, अंड्याचे पांढरे, बारीक गाजर-लीक असं सगळं एकत्र कालवून ते गार रश्श्यात मिसळायचं. मंद आचेवर ठेवायचं. सुरुवातीला अंडं तळाला लागू नये म्हणून लाकडी उलथन्याने हळू ढवळायचं. कोमट ओलांडून गरम व्हायला लागलं की ढवळणं बंद. कायमचं बंद. मग अंड्याचं पांढरं गोठत वर येतं, येताना रश्श्यातला सगळा गढूळपणा पकडून आणतं आणि वर एक जाड थर धरतो. त्या थरात मध्ये एक भोक ठेवायचं. त्यातून एखाददुसरा बुडबुडा येत राहील इतकीच आच. तासाभराने त्याच भोकातून पळीने अलगद रस्सा काढून फडक्यातून गाळायचा.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका शुक्रवारी मी ढवळलं.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बारा लिटरचं पातेलं, साडेदहा वाजलेले, बारा वाजता पहिलं टेबल. थर एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ वाटला. घरी आमटी खाली लागू नये म्हणून हात आपोआप जातो, तसा हात गेला. शिवाय आच मोठी राहिली होती. एकदाच उकळी फुटली, थराला तडा गेला, आणि बघता बघता सगळं पातेलं ताकासारखं झालं. मी तरीही गाळलं. फडक्यातून जे आलं ते धुतलेल्या तांदळाचं पाणी होतं.

शेफ ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, त्याने जास्त लागलं. तिने पळीत घेऊन चाखलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि वेटरला म्हणाली, “आज तिसरा पदार्थ मसुराचं सूप.” शाँपान प्रदेशात लांतियाँ म्हणून बारीक, लालसर मसूर पिकतो, तो आम्ही दुसऱ्या पदार्थाला वापरायचोच. माझा फसलेला रस्सा त्यात ओतला, मसूर घोटले, वरून बरणीतलं व्हिनेगर. दोन टेबलांनी पुन्हा मागितलं, हे मात्र मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही, मीच कान लावून ऐकलं.

संध्याकाळच्या सर्व्हिसनंतर शेफ म्हणाली, “सोमवारी सुट्टी आहे ना? तळघर बघून ये. बाटल्या बघू नकोस, हात बघ.”

रँसच्या पोटात खडूच्या दगडाच्या खाणी आहेत, काही रोमन काळापासूनच्या म्हणतात. शॅम्पेनवाल्यांनी नंतर त्या बोगद्यांनी जोडून टाकल्या. पॉमरीच्या तळघरात उतरायला ११६ पायऱ्या. वर मार्चचा वारा होता आणि खाली दहा-बारा अंश, बारा महिने तेवढेच. खाण वरून अरुंद, खाली पिरॅमिडसारखी रुंद, आणि वर टोकाला उजेडाचा एक चौकोन. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफा चालू असताना लोक या तळघरांमध्ये राहिले, इथे शाळा भरल्या, आजारी माणसं ठेवली. १९ सप्टेंबर १९१४ ला वर कॅथेड्रल जळलं आणि त्याच हंगामात माळावर द्राक्षंही तोडली गेली. युद्ध संपलं तेव्हा शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला होता. समोरची मंडई, आजूबाजूच्या आर्ट डेको इमारती, हे सगळं त्यानंतर उभं राहिलेलं. एकदम मला समजलं की हा मोहल्ला ‘जुना’ वाटत असला तरी आमच्या नाशिकच्या पंचवटीपुढे कालचं पोर आहे. एक वेस तेवढी जुनी, बाकी बहुतेक नव्याने बांधलेलं.

हात बघायला मिळाले ते दुसऱ्या, लहान उत्पादकाकडे. शेफचा ओळखीचा. साठीचा माणूस, लाकडी घडवंचीसमोर उभा. दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम, खट्, खट्, आठव्या हिश्शाने फिरवायच्या आणि पुढच्या. नुसता मनगटाचा झटका. अनुभवी माणूस दिवसाला चाळीस हजारांच्या आसपास बाटल्या फिरवतो म्हणतात. मला दिसलं ते एवढंच की तो बाटलीला पुन्हा हात लावत नव्हता. एकदा फिरवली की उद्यापर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी त्याला माझ्या पातेल्याची गोष्ट सांगितली. तो खूप हसला आणि मला एक बाटली फिरवायला दिली. मी ती जास्त फिरवली. आतला गाळ धुरासारखा उठला. “ही आता दोन आठवडे मागे गेली,” म्हणत त्याने खडूने तिच्यावर माझं नाव लिहिलं, चुकीच्या स्पेलिंगने.

बुधवारी पुन्हा कॉन्सोमे लावला. ढवळणं थांबवायची वेळ आली तेव्हा उलथनं धुऊन दुसऱ्या टोकाच्या सिंकमध्ये ठेवून आले, आणि पातेल्याकडे पाठ करून गाजरं सोलत बसले. शेफ मागून गेली तेव्हा काही बोलली नाही. साडेअकराला पळी भोकात बुडवली. वाडग्याच्या तळाची नक्षी दिसत होती.

उरला प्रश्न त्या थराचा. खिमा आणि अंड्याचा तो गठ्ठा रोज दोन-अडीच किलो निघायचा आणि कचऱ्यात जायचा. त्याची चव रश्श्यात उतरून गेलेली असते, उरतो तो भुसा. पण ज्या किचनमध्ये मेलेल्या शॅम्पेनलासुद्धा जागा होती तिथे हा अपवाद मला खुपायला लागला. तसा तिथल्या पदार्थांचा वंशच उरल्यासुरल्याचा. रँसचं गुलाबी बिस्कीट घ्या: पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी ऊब राहायची तिच्यात पुन्हा वाळवलेलं. दाबलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून मार नावाची दारू. गाळ काढताना जी वाइन सांडते तिच्यापासून व्हिनेगर आणि त्या व्हिनेगरमध्ये रँसची मोहरी. आमची आजी शिळ्या पोळीचा कुस्करा करते तेव्हा त्याला कोणी परंपरा म्हणत नाही, पण हिशेब तोच.

स्टाफचं जेवण आळीपाळीने करायचं असायचं, साडेअकरा म्हणजे अकरा-तीसला, उभ्याने. माझी पाळी आली तेव्हा मी तो थर कुस्करला, भरपूर कांदा, लसूण, मंडईतल्या एका मोरोक्कन दुकानातून आणलेली मिरची-धणे-जिरं, टोमॅटो, आणि कालचे बागेत, म्हणजे लांब फ्रेंच पाव, तव्यावर लोण्यात भाजून. खिमा-पावच तो. बशा पुसून खाल्ल्या. मला वाटलं झालं, आता हा पदार्थ मेनूवर जाणार. अशा गोष्टी मी टीव्हीवर पाहिल्या होत्या. शेफने दुसरा पाव घेता घेता सांगितलं, “कांदा अजून बारीक हवा.” संपलं.

मेनूबद्दल एकदा मी स्वतःहूनच बोलले होते. मसुराला मोहरी-हिंगाची फोडणी देऊन बघू का, असं. ती म्हणाली, “चांगलं लागेल. पण मग ते तुझ्या मोहल्ल्याचं होईल. तुझं रेस्टॉरंट काढशील तेव्हा दे.” तेव्हा राग आला. खरं सांगायचं तर तो पूर्ण गेलेला नाही, कारण मोरोक्कन दुकान त्याच मोहल्ल्यात आहे आणि जपानी चित्रकाराचं चॅपलही. मोहल्ल्याच्या इतिहासात कोणाला घ्यायचं हे शेवटी गाळ्याचा मालक ठरवतो.

चौथ्या पदार्थाच्या सॉसवर मला जूनमध्ये घेतलं. ट्राउट मासा, शॅम्पेनचा सॉस. त्या दिवसांत आजीचा फोन आला. “दारूत शिजवता म्हणे?”

“उकळली की बरीचशी उडते आजी.”

“उडते तर मग घालता कशाला?”

हा प्रश्न मी जसाच्या तसा शेफला विचारला. ती म्हणाली, तुझी आजी आमच्या निम्म्या ग्राहकांपेक्षा शहाणी आहे. बुडबुडे तर पातेल्यात पडताच संपतात, म्हणून ताजी बाटली फोडून सॉस करणं हा निव्वळ दिखावा. राहतो तो आंबटपणा. थंड हवामान आणि खडूची जमीन यांचं द्राक्ष आंबट राहतं, आणि तो आंबटपणा माशाच्या सॉसला आमटीतल्या चिंचेसारखा धरून ठेवतो. छोटे शॅलट कांदे लोण्यात, रंग येऊ न देता. मशरूमची देठं. त्यावर रात्रीच्या बाटल्यांमधली शॅम्पेन, आटवून आटवून जवळजवळ कोरडी. मग माशाच्या काट्यांचा रस्सा, पुन्हा आटवायचा, क्रीम, गाळणं, शेवटी गार लोण्याचे तुकडे. यात गोड शॅम्पेन पडली तर आटल्यावर सॉस खीर होतो. म्हणून सोमेलियेच्या चिठ्ठ्या. ‘किचन’वाल्या बाटल्या जवळपास बिनसाखरेच्याच असायच्या.

गाळ काढल्यावर बाटलीत शेवटी किती साखर घालायची यावरच शॅम्पेनचं नाव ठरतं. ब्रूत म्हणजे लिटरला १२ ग्रॅमच्या आत. एकेकाळी रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत याच्या कितीतरी पट साखर असायची, इंग्रजांना कोरडी लागायची, आणि मादाम पॉमरी यांनी १८७४ ची ब्रूत काढली ती या इंग्रजांकडे बघूनच. आमचा पाचवा पदार्थ यावर होता: कच्च्या द्राक्षांच्या रसाचं आंबटढाण सॉर्बे, शेजारी गुलाबी बिस्किटाचा चुरा आणि पाकाचा चिमुकला जग. किती ओतायचं ते खाणाऱ्याने ठरवायचं. बहुतेक जण सगळा ओततात. मीपण ओतला होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा स्टाज संपत आला आणि तोडणी सुरू झाली. सोमवारी शेफने मला गाडीत घातलं. मागे हंडा, चाळीस माणसांची पोते, न गाळलेली. आम्ही व्हेर्झनेच्या उतारावर गेलो, त्या बाटल्या फिरवणाऱ्याच्या बागेत. शाँपानमध्ये तोडणी हातानेच करायची असा नियम आहे, घड अख्खा राहिला पाहिजे. काळी पिनो न्वार, तरी वाइन पांढरी, कारण साल रसात मुरायच्या आत दाबून घेतात. यंत्रात एका वेळी ४००० किलो माल. त्यातून २५५० लिटरच रस घ्यायचा, त्यातलाही पहिला २०५० लिटर उत्तम समजायचा. बाकी चोथा.

वाटेत आय् गावाची पाटी लागली नाही, पण तिचा विषय निघाला. १९१० चं पीक जवळपास बुडालेलं, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशातून स्वस्त द्राक्षं आणून त्याची शॅम्पेन करत होते. एप्रिल १९११ मध्ये शेतकरी उठले, आय्‌मध्ये व्यापाऱ्यांची तळघरं फुटली, घरं जळली, वाइन रस्त्यावरून वाहिली, सैन्य आलं. कुठल्या गावच्या द्राक्षाला शॅम्पेन म्हणायचं याच्या कडक हद्दी त्या भांडणांतून पुढे आल्या. शेफने हे सहज सांगितलं. मला मात्र त्या गावापेक्षा आमच्या पिंपळगावच्या बाजार समितीचं आवार जास्त दिसत होतं.

मजूर बांधावर बसले. मी पळीने वाढत होते. घरचे लोक तोडणीच्या दिवशी जसे खातात तसेच खात होते, मान खाली, पाव बुडवून. एक बाई दुसऱ्यांदा आली आणि म्हणाली, तळातलं दे, ढवळून.

मी ढवळलं.

मग एक घड तोंडात टाकून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, ते ऑक्टोबर छाटणीच्या माणसांचं जमवत होते. त्यांनी आधी वेल दाखवायला सांगितला, मग माती, मग कात्री.

“साखर किती भरलीय?”

मी शेजारच्याला विचारलं. तिथे साखर तिच्यातून किती अल्कोहोल होईल त्यावर सांगतात, त्या आकड्यावरून मनात हिशेब केला. “सतरा-अठरा ब्रिक्स.”

“आपल्या एक्स्पोर्टच्या मालाएवढीच की,” अण्णा म्हणाले. “मग एवढं तोंड का वाकडं करतेस?”

“आंबट आहे.”

“चोथ्याचं काय करतात ते?”

“दारू.”

त्यांनी मागे वळून आजी कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज बंद केला.